पालिकेचं काम ठरतं कधी, आणि तेव्हा आपण कुठे असतो?

अनघा_म

जानेवारीत मतदान झालं आणि मुंबईला पुन्हा नगरसेवक मिळाले. आधीच्या सभागृहाची मुदत ७ मार्च २०२२ ला संपली होती. त्यानंतर प्रशासक आले आणि पुढचं मतदान उजाडायला १५ जानेवारी २०२६ यावी लागली. जवळजवळ चार वर्षं या शहराचा कारभार निवडून आलेल्या एकाही माणसाशिवाय चालला. एवढ्या काळात आपली पालिकेशी बोलायची सवयच मोडली. उरलं काय, तर पालिकेच्या १९१६ या तक्रार क्रमांकावर फोन लावणं, नाहीतर खड्ड्याचा फोटो टाकून अधिकाऱ्यांना टॅग करणं.

तक्रार करूच नये असं मी म्हणत नाही. पण तक्रार काम बिघडल्यावर होते. काम ठरत असताना आपण तिथे नसतो, आणि माझ्या मते मुंबईकरांचं खरं नुकसान तिथेच होतं. म्हणून हा धागा.

आमच्या गल्लीत पदपथाचं काम निघालं तेव्हाची गोष्ट. पावसाचं पाणी जायची लोखंडी जाळी रस्त्यापेक्षा चार बोटं वर होती. सर आली की पाणी जाळीला वळसा घालून थेट तळमजल्यावरच्या दुकानांत. काम सुरू झालेलं दिसताच रहिवासी खाली उतरले. कंत्राटदाराचा मुकादम म्हणाला, "माझ्या कागदात जाळी नाहीये, फक्त पेव्हर ब्लॉक आहेत." कनिष्ठ अभियंता आले, त्यांनी स्वतः वाकून पाहिलं, त्यांनाही पटलं. पण कार्यादेश, म्हणजे काम सुरू करायचा लेखी हुकूम, निघालेला, कामाच्या खर्चाच्या अंदाजपत्रकात जाळी धरलेलीच नाही. नवे ब्लॉक बसले आणि जाळी होती तिथेच राहिली. पुढच्या खेपेला तीन सोसायट्यांनी मिळून दिवाळीच्या आधीच पत्र दिलं, सोबत जाळीच्या उंचीचं माप आणि फोटो. जाळी खाली आली. अभियंता तेच होते, गल्लीही तीच. फरक पडला तो पत्र कधी गेलं याने.

पालिकेचा अर्थसंकल्प आयुक्त फेब्रुवारीत मांडतात. २०२५-२६ चा ७४,४२७ कोटींचा होता. बऱ्याच राज्यांना हेवा वाटावा एवढा पैसा! आपण मात्र तो बातमीत वाचतो आणि 'एवढे पैसे जातात कुठे' म्हणून चॅनेल बदलतो. तुमच्या भागातलं काम त्या आकड्यात बसवायचं असेल तर ते महिनोन्महिने आधी कोणीतरी मागितलेलं असावं लागतं. ते कोणीतरी आपण का असू नये?

ज्यांना पालिकेचा आतून किंवा बाहेरून अनुभव आहे त्यांनी लिहा. वेगवेगळ्या भागांतल्या, वेगवेगळ्या घरांतल्या लोकांनी लिहा.

रोहन_के

ताई, तळमळ समजते. पण खरं सांगू का? टॅग केलं की चोवीस तासांत खड्डा बुजतो, हे मी बघितलंय. पत्र घेऊन विभाग कार्यालयात गेलो तर "साहेब साइटवर गेलेत". नोकरी करणाऱ्या माणसाने अर्धी सुट्टी टाकून हे ऐकायला जायचं का?

अनघा_म

रोहन, खड्ड्यासाठी टॅग कर, १९१६ ला फोन कर, जे लवकर होईल ते कर. पण तो रस्ता डांबराचा ठेवायचा की काँक्रीटचा करायचा, करताना खालची जुनी जलवाहिनी आधी बदलायची की नाही, पदपथ किती रुंद सोडायचा, हे टॅग करून ठरत नाही. काँक्रीट झाल्यावर सहा महिन्यांत जलवाहिनीसाठी रस्ता पुन्हा फोडलेला आपण सगळ्यांनी पाहिलाय. तो फोडला जाऊ नये यासाठी आधी बोलावं लागतं.

निवृत्त_परिरक्षण

मी पालिकेच्या परिरक्षण, म्हणजे देखभालीच्या, खात्यात होतो, आता निवृत्त आहे. आत काम कसं पुढे सरकतं ते सांगतो. बाहेरच्या माणसाला हे कोणी सांगत नाही.

विभागातला कनिष्ठ अभियंता, म्हणजे तुमचा जेई, फिरतीवर जे बघतो आणि त्याच्याकडे जे कागद येतात त्यावरून कामांची यादी करतो. त्यातल्या कामांचं अंदाजपत्रक होतं. मग दुय्यम अभियंता, सहाय्यक अभियंता, कार्यकारी अभियंता, सहाय्यक आयुक्त अशा सह्या होतात. निविदा निघते. मोठ्या रकमेचं काम स्थायी समितीपुढे, म्हणजे खर्चाला मंजुरी देणाऱ्या नगरसेवकांच्या समितीपुढे जातं. मंजुरी मिळाली की कार्यादेश. अनघाताईंच्या गल्लीत लोक खाली उतरले ते या साखळीच्या शेवटच्या कडीला.

आता एक गोष्ट मनापासून सांगतो. चांगल्या अभियंत्याला तुमचं पत्र हवं असतं. यादीत पन्नास कामं आणि पैसे वीस कामांचे, तेव्हा वरिष्ठ विचारतात, "याची मागणी कुठेय?" जेईच्या हातात रहिवाशांच्या सह्यांचं पत्र असेल तर तो ते पुढे करतो. नसेल तर ज्याचा फोन जोरात येतो त्याचं काम आधी होतं. तुमच्या पत्राने अधिकाऱ्याला त्रास होतो हा समज काढून टाका. त्याची बाजू भक्कम होते.

पत्र कसं असावं? एका पत्रात एकच विषय. कचरा, पाणी, झाडं आणि फेरीवाले एकाच कागदावर आणलेत तर चार खाती तो कागद एकमेकांकडे ढकलतात. जागा नेमकी लिहा. 'मंदिराजवळ' लिहू नका, रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबावर क्रमांक असतो तो लिहा. खड्डा असो, फुटलेलं झाकण असो की तुंबणारी जाळी, "खांब क्रमांक अमुक ते अमुक" म्हटलं की जेई डोळे मिटून तिथे पोचतो. माप द्या, फोटो जोडा. आणि पत्र साहेबांच्या टेबलावर ठेवून येऊ नका. आवक-जावक खिडकीत द्या, आपल्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. पोच नसलेलं पत्र म्हणजे न दिलेलं पत्र. साहेब साइटवर असले तरी खिडकी उघडी असते, रोहन.

तेजू

काका, हे खांब क्रमांकाचं मला आजवर माहीतच नव्हतं. खाली जाऊन बघून आले, आहे खरंच!

मानखुर्दची_सीमा

इथे सगळं वाचलं. चांगलं आहे, पण हे सोसायटीवाल्यांचं चाललंय असं वाटलं म्हणून लिहिते.

आमच्याकडे पत्र दिलं की पहिला प्रश्न येतो, "वस्ती कोणत्या सालची?" झोपडी जुनी असल्याचा पुरावा नसेल तर पाण्याचं बोलायचंच नाही, अशी रीत कित्येक वर्षं होती. बायका कॅन घेऊन लांबून पाणी आणायच्या, नाहीतर टँकरवाल्याला पैसे मोजायच्या. सोसायटीत हजार लिटरला जे मोजतात त्याच्या कित्येक पट गरीब माणूस एका पिंपाला मोजतो. हे बदललं ते लोक एकत्र आले म्हणून. पाणी हक्क समितीने लढा कोर्टात नेला. डिसेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की वस्ती अनधिकृत आहे म्हणून माणसाचं पाणी नाकारता येत नाही. त्यानंतरही वर्षानुवर्षं पाठपुरावा करावा लागला, तेव्हा २०२२ मध्ये पालिकेचं 'सर्वांसाठी पाणी' धोरण आलं. धोरण आलं म्हणजे नळ आला असं नाही हो. पण आता अर्ज घ्यायला कोणी नाही म्हणत नाही.

आमची पद्धत वेगळी आहे. आम्ही एकेकटं जात नाही. गल्लीतल्या दहा-बारा जणी मिळून जातो. नळजोडणी पण गटातच मिळते. काही घरं मिळून एक जोडणी, त्यांचा एक सेक्रेटरी, बिल त्याच्या नावाने. मग पाणी कमी आलं तर कोणाच्या घरी किती वाजता किती हंडे भरले, हे बायका वहीत लिहितात. पाणी सोडणारा चावीवाला किती वाजता येऊन चावी फिरवतो ते पण. जल खात्याच्या साहेबासमोर ती वही ठेवली की "दाब बरोबर आहे" असं त्याला म्हणता येत नाही. इंजिनिअरच्या मापाला आम्ही आमच्या मापाने उत्तर देतो.

कागद तुमच्यासारखा नीट लिहिता येत नसेल तरी चालतं. चार बाया समोर बसल्या आणि उठल्या नाहीत की काम पुढे सरकतं.

निवृत्त_परिरक्षण

सीमाताई, तुमची वही कुठल्याही पत्रापेक्षा मोठा पुरावा आहे. वेळ आणि दिवस टिपलेली नोंद खात्याकडेही बहुतेक वेळा इतकी बारकाईने नसते.

गोरेगावचे_अप्पा

सीमाबाईंचं वाचून मृणालताईंची आठवण झाली. मृणाल गोरे १९६१ मध्ये पालिकेत निवडून आल्या आणि गोरेगावच्या पाण्यासाठी त्यांनी जे रान उठवलं त्यातून 'पाणीवाली बाई' हे नाव पडलं. १९७२ मध्ये महागाईविरुद्ध बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या, त्यात अहिल्याताई रांगणेकर होत्या, मृणालताई होत्या. लोक त्यांचा मोर्चा लक्षात ठेवतात. पण आम्ही जवळून पाहिलंय, त्या सभागृहात जाताना अभ्यास करून जायच्या. आकडा तोंडपाठ, ठराव लिहून तयार. मोर्चा आणि कागद दोन्ही लागतं. नुसत्या मोर्चाला आश्वासन मिळतं आणि नुसता कागद फायलीत बसतो.

रोहन_के

ते दिवस वेगळे होते अप्पा. आता नगरसेवकाला विचारलं तर तो म्हणतो, आयुक्तांच्या हातात आहे. आयुक्त कार्यालयात विचारलं तर म्हणतात, वरून ठरतं. मग नगरसेवकाला अधिकार तरी कसला?

सभागृह_वाचक

रोहन, प्रश्न रास्त आहे. मुंबईचा कारभार १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमावर चालतो. त्यात कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे आहेत, आणि आयुक्त राज्य सरकार नेमतं. म्हणून महापौर दिसायला पहिला नागरिक, पण कर्मचाऱ्याला कामाला लावायचा अधिकार त्याला नाही. ही रचना मला स्वतःला चुकीची वाटते. एवढ्या मोठ्या शहराचा प्रमुख लोकांना उत्तर देणारा असायला हवा. पण आज आहे ते हे आहे, आणि त्यातही नगरसेवकाच्या हातात बरंच आहे.

पैशाच्या चाव्या सभागृहाकडे आणि स्थायी समितीकडे आहेत. नगरसेवक समितीत हरकतीचा मुद्दा मांडू शकतो, प्रस्ताव परत पाठवायची मागणी करू शकतो, ठरावाची सूचना देऊ शकतो. प्रशासकाच्या काळात नेमकं हेच नव्हतं. मांडणाराही तोच आणि मंजूर करणाराही तोच. प्रस्तावावर कोणी जाहीरपणे "का?" विचारेल अशी जागाच उरली नव्हती.

आणि लोकांना सर्वांत कमी माहीत असलेली जागा म्हणजे प्रभाग समिती. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने ती आणली. तुमच्या भागातले नगरसेवक आणि सहाय्यक आयुक्त तिथे एका टेबलाला बसतात, चर्चा तुमच्या विभागाचीच होते. शिवाय भागात काम करणाऱ्या स्वयंसेवी संस्थांचे जास्तीत जास्त तीन प्रतिनिधी तिच्यावर नेमता येतात. तुमच्या प्रभाग समितीवर असं कोणी आहे का? कधी विचारलंय? मला वाटतं, या नव्या सभागृहाच्या काळात मुंबईकरांनी एक मागणी लावून धरायची तर ती हीच: या जागा भरा, आणि समितीची विषयपत्रिका बैठकीच्या आधी विभाग कार्यालयाच्या फलकावर लावा.

पेठकरी

पुण्याहून. आमच्याकडे २००६ पासून नागरिकांच्या सहभागाचं अंदाजपत्रक, म्हणजे अर्थसंकल्प, आहे. नागरिक अर्ज भरून आपल्या भागातली छोटी कामं सुचवतात, साधारण पाच लाखांपर्यंतची. पदपथ, बाक, बसथांबा, दिवे अशी. ते काम अंदाजपत्रकाच्या पुस्तकात आलं का, हे नंतर छापील पाहता येतं. कागदावर फार सुंदर योजना. प्रत्यक्षात अर्ज कमी येतात, आणि सुचवलेली कामं मध्येच गळतात. तरी सांगतो, लढून मागा. सूचनेसाठी अधिकृत खिडकी असणं आणि नसणं यात फार फरक आहे. मुंबईत सूचना मागवतात का?

सभागृह_वाचक

२०२५-२६ च्या अर्थसंकल्पाआधी पालिकेने नागरिकांकडून सूचना मागवल्या होत्या. पण पुण्यासारखी, या प्रभागासाठी एवढी रक्कम बाजूला ठेवली, आता लोकांनी ठरवावं, अशी सोय मुंबईत नाही. सूचना पाठवली की ती कुठे गेली हे कळायला मार्ग नसतो. नगरसेवकांनी हे सभागृहात मागायला हवं, आणि आपण त्यांना मागायला लावायला हवं.

आराखडा_अभ्यासक

मी वास्तुरचनेच्या क्षेत्रात आहे. 'हरकती व सूचना' हे शब्द वर्तमानपत्राच्या जाहिरातीत बारीक टायपात येतात आणि आपण पान उलटतो. त्या शब्दांत किती ताकद असते ते २०१५ मध्ये दिसलं.

फेब्रुवारी २०१५ मध्ये मुंबईचा २०३४ पर्यंतचा विकास आराखडा प्रारूप म्हणून जाहीर झाला. लोकांनी नकाशे उघडून आपली गल्ली शोधली आणि चुकाच चुका सापडल्या. उभ्या इमारतींवरून रस्ते गेलेले, वारसा वास्तू गायब, मोकळ्या जागा भलत्याच कामासाठी दाखवलेल्या. हरकतींचा पाऊस पडला. वास्तुरचनाकार, कोळीवाड्यांतले लोक, गावठाणांतले लोक, शाळा, सोसायट्या, सगळे त्यात होते. एप्रिलमध्ये सरकारला तो आराखडा मागे घेऊन दुरुस्त करायला सांगावं लागलं. सुधारित मसुदा २०१६ मध्ये आला, त्यावर पुन्हा हरकती, सुनावण्या, आणि २०१८ मध्ये मंजुरी. सगळं मनासारखं झालं असं नाही. पण शहराचा नकाशा लोकांनी परत करायला लावला, हे याच मुंबईत घडलंय.

त्यातून शिकण्यासारखं एवढंच सांगतो. मुदतीत आलेली हरकतच मोजली जाते, मुदतीनंतरच्या मोठ्या आंदोलनाला कायद्यात जागा नसते. हरकत भूखंडाच्या क्रमांकासह, कारणासह आणि शक्य तर प्रत्येकाने आपापल्या शब्दांत लिहावी. आणि सुनावणीचं पत्र आलं तर जावंच. माणूस समोर येऊन बोलला की टिपणात नोंद होते.

झाडांचंही तसंच. झाड तोडायची परवानगी मागितली की वृक्ष प्राधिकरणाची नोटीस निघते आणि ती झाडावरच लावलेली असते. खोडावर कागद दिसला तर थांबून वाचा, फोटो काढा. हरकतीची मुदत फार थोडी असते. आरेत मेट्रोच्या कारशेडसाठी झाडं तोडायची होती तेव्हा २०१९ मध्ये हजारो लोकांनी हरकती घेतल्या, तरी झाडं गेली. म्हणजे हरकत नेहमी जिंकते असं मुळीच नाही. पण कोर्टात उभं राहायचं तर ती दिलेली असणं उपयोगी पडतं.

तेजू

माहितीचा अधिकार वापरायचाय. आमच्या नाक्यावरचा रस्ता दोन वर्षांत पुन्हा उखडला. अर्जात काय लिहू? "रस्ता का खराब झाला" असं लिहिलं होतं, "माहिती उपलब्ध नाही" असं उत्तर आलं.

अर्जदार

तेजू, 'का' विचारलंस की ते सुटतात. माहिती अधिकारात कागद मागायचा, खुलासा नाही. असं लिही: अमुक रस्ता, खांब क्रमांक अमुक ते अमुक, या कामाच्या कार्यादेशाची प्रत, अंदाजपत्रकाची प्रत, मोजमाप पुस्तकाची प्रत, आणि दोष दायित्व कालावधी कधी संपतो ते दाखवणारा कागद. या शेवटच्या कागदात सगळं आहे. तो कालावधी चालू असेल तर दुरुस्ती कंत्राटदाराने स्वतःच्या खर्चाने करायची असते, आपल्या कराच्या पैशातून पुन्हा नाही. हे दाखवून पत्र दिलंस तर टाळणं अवघड जातं.

महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत हवा. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लाव. ३० दिवसांत उत्तर यायला हवं. नाही आलं किंवा अर्धवट आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, त्याला २० रुपये. तिथेही समाधान झालं नाही तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील. आयोगाकडे खूप वेळ लागतो, म्हणून सगळा जोर पहिल्या अपिलाच्या सुनावणीवर लाव. आणि प्रती मागण्याऐवजी फायलीचं अवलोकन माग. फाइल समोर उघडली की कोणता कागद हवा ते तिथेच कळतं.

पेठकरी

अवलोकनाला जोरदार अनुमोदन. आमच्याकडे सोमवारी दुपारी फायली बघायची सोय पालिकेने बरीच वर्षं आधीच केली होती. माणसं जायला लागली की कार्यालयही फायली नीट ठेवायला शिकतं.

मंदार७८

कामाची गोष्ट: खड्डा किंवा उघड्या मॅनहोलमुळे कोणाचा जीव गेला तर कुटुंबाला ६ लाख आणि जखमी झाल्यास ५० हजार ते अडीच लाख भरपाई द्यावी, असं मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये सांगितलंय. कोणाच्या घरात असं घडलं असेल तर गप्प बसू नका. आधी कोणी त्या झाकणाची तक्रार लेखी केली असेल तर तिचा आवक क्रमांक अशा वेळी फार उपयोगी पडतो.

अनघा_म

मंदार, धन्यवाद. यासाठी तरी प्रत्येक सोसायटीने पोच घेतलेल्या पत्रांची एक फाइल ठेवावी.

चेंबूरची_वृंदा

आमच्याकडे एएलएम होतं, म्हणजे प्रगत परिसर व्यवस्थापन. घाटकोपरच्या जोशी लेनमध्ये नव्वदच्या दशकात लोकांनी कचरा वेगळा करायला सुरुवात केली, पालिकेने ती कल्पना उचलली आणि शहरभर शेकडो गट उभे राहिले. विभाग कार्यालयात बैठका व्हायच्या, समोर सगळ्या खात्यांचे अधिकारी. वस्त्यांसाठी दत्तक वस्ती योजना आली, म्हणजे स्वच्छतेचं काम स्थानिक गटांकडे देणारी. नंतर बरेच गट थंडावले. कार्यकर्ते म्हातारे झाले, तरुण आले नाहीत. मला विचाराल तर एक कारण अगदी साधं होतं: बैठकीत काय ठरलं हे कोणी लिहीत नव्हतं. ज्या गटात एखादी बाई दर बैठकीचं टिपण करून पुढच्या बैठकीत वाचून दाखवायची, तो गट टिकला. आज सगळं व्हॉट्सॲपवर आहे, पण तिथे ठरलेलं दोन दिवसांत 'शुभ सकाळ'च्या खाली गाडलं जातं.

रोहन_के

वृंदाताई, टिपण मी लिहीन. आमच्या इथे गट आहे का तेवढं शोधतो.

एक विचारतो. पक्षाचे नगरसेवक ऐकत नसतील तर आपलाच माणूस उभा करायचा का?

गोरेगावचे_अप्पा

झालंय तेही. २००७ मध्ये जुहूतून अडॉल्फ डिसोझा नागरिकांचे उमेदवार म्हणून निवडून आले होते. मोहल्ल्यातल्या लोकांनी चर्चा करून माणूस निवडला आणि प्रचारही लोकांनीच केला. पुढच्या निवडणुकीत हा प्रयोग शहरात पसरेल असं वाटलं होतं, पण २०१२ मध्ये तसं झालं नाही. पक्षाची यंत्रणा, पैसा, बूथवरची माणसं यांच्यापुढे टिकाव धरणं कठीण असतं. म्हणून वाईट वाटून घेऊ नकोस. नगरसेवक कोणत्याही पक्षाचा असो, पाच वर्षं त्याच्या दारात जाणारे तुम्हीच असता. यंदा २२७ पैकी ११४ जागा महिलांसाठी राखीव होत्या. त्यातल्या कितीतरी जणी पहिल्यांदाच सभागृहात बसतायत. त्यांना अडचणींची नीट माहिती देणारा रहिवासी हवाच आहे. "भाऊ बघतात" असं उत्तर आलं तरी निवडून आलेल्या बाईंशीच बोला, पत्रही त्यांच्याच नावाने द्या.

मानखुर्दची_सीमा

अप्पा, हे लाख मोलाचं बोललात.

डोंबिवली_ते_दादर

पालिकेच्या निवडणुकीत विधानसभेचीच मतदार यादी प्रभागांमध्ये फोडून वापरतात. यंदा कितीतरी लोकांचं नाव शेजारच्या प्रभागात निघालं, घर बदललेल्यांचं जुन्या पत्त्यावरच राहिलं. नवीन नावासाठी नमुना ६, पत्ता बदलला किंवा चूक असेल तर नमुना ८. निवडणूक जाहीर झाल्यावर धावाधाव करून उपयोग नसतो, तोवर यादी गोठलेली असते. आत्ता, शांत असताना भरा.

नेहा२१

पहिल्यांदाच लिहितेय. आमच्या इमारतीतले सहा जण रविवारी नव्या नगरसेविकांना भेटायला जाणार आहोत. प्रश्न दोन आहेत: इमारतीमागच्या नाल्याची भिंत खचलीये, आणि समोरच्या मोठ्या रस्त्यावर ओलांडायला जागाच नाही. काय घेऊन जाऊ?

निवृत्त_परिरक्षण

नेहा, आधी जागा कोणाची ते बघून घे, निम्मी भांडणं तिथेच संपतात. मुंबईत रस्ता पालिकेचा असेलच असं नाही. म्हाडाच्या वसाहतीतला असेल, रेल्वेच्या हद्दीत असेल, बंदराच्या जमिनीवर असेल. पूर्व आणि पश्चिम द्रुतगती महामार्ग २०२२ च्या अखेरीपर्यंत एमएमआरडीएकडे, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे होते, आता पालिकेकडे आहेत. तुझा रस्ता कोणता?

नेहा२१

पूर्व द्रुतगती महामार्गाचा सेवा रस्ता. नाला बहुतेक पालिकेचाच, दरवर्षी गाळ काढायला त्यांचीच गाडी येते.

निवृत्त_परिरक्षण

मग दोन वेगळे कागद कर. नाल्याचा कागद पर्जन्य जलवाहिन्या खात्यासाठी: भिंत किती फूट खचली, कोणत्या बाजूला, किती घरं लागून आहेत, पावसात पाणी कुठवर चढतं त्याची खूण. भिंतीवर पाण्याचा डाग असेल तर टेप लावून फोटो काढ. पावसाळ्याच्या आत तात्पुरती दुरुस्ती आणि पुढच्या वर्षाच्या कामांत पक्की भिंत, अशा दोन मागण्या वेगळ्या लिही. नाहीतर तात्पुरत्यावर बोळवण होते. रस्ता ओलांडायच्या जागेसाठी वाहतूक पोलिसांचीही संमती लागते, म्हणून त्या पत्राची प्रत त्यांना दे.

नगरसेविकांना विचार, त्या कोणत्या समितीवर आहेत आणि प्रभाग समितीची बैठक कधी आहे. नाल्याचा विषय त्या बैठकीत घ्या, एवढंच माग. त्या ठरावाची सूचना देते म्हणाल्या तर आनंदच, पण लक्षात ठेव, ठराव मंजूर झाल्यावर तो आयुक्तांकडे अभिप्रायाला जातो आणि तिथे वेळ लागतो. भिंत तोवर थांबणार नाही. म्हणून विभागातलं पत्र सोमवारी खिडकीत गेलंच पाहिजे, भेट कशीही होवो.

सभागृह_वाचक

आणि विभागाकडून हालचाल झाली नाही तर पालिकेचा तक्रारी ऐकायचा लोकशाही दिन असतो, अर्ज बरेच दिवस आधी द्यावा लागतो. तिथे वरिष्ठ अधिकारी समोर असतात. जाताना आवक क्रमांकाचं पत्र लागतंच.

नेहा२१

भेटून आलो. बाई नाला स्वतः येऊन बघते म्हणाल्या, आणि प्रभाग समितीत विषय घ्यायचं त्यांनी कबूल केलं. सोमवारी दोन्ही पत्रं खिडकीत दिली, पोच घेतली. खिडकीवरच्या माणसाने पहिल्यांदा नाल्याचं पत्र परत केलं, "हे मुख्यालयात द्या" म्हणून. मी म्हटलं, विभागासाठी आहे, घ्या. घेतलं. बैठकीची तारीख अजून सांगितलेली नाही, गुरुवारी पुन्हा विचारणार आहे.

अनघा_म

गुरुवारी एकटी जाऊ नकोस, त्या सहांपैकी दोघांना बरोबर घे. तारीख कळली की इथे टाक. त्याच विभागातले आणखी कोणी हा धागा वाचत असाल तर आपापल्या भागातले नाल्याचे विषय नेहाच्या बैठकीआधी पत्राने द्या, म्हणजे ते एकत्रच चर्चेला येतील.